घड्याळाच्या प्लास्टिक काचेवरचे ओरखडे घरच्या घरी कसे काढावेत

घड्याळाच्या काचेवर ओरखडा दिसला की जो तो टूथपेस्ट सांगतो. माणसं अर्धा अर्धा तास पेस्ट घासत बसतात, ओरखडा हलत नाही, आणि मग 'हे घरी जमण्यातलं नाही' म्हणून सोडून देतात. जमतं. पण पेस्ट ही शेवटची पायरी आहे. खोल ओरखड्यावर नुसती पेस्ट चोळणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, आणि हा सल्ला देणाऱ्यांनी तो ओरखडा स्वतः कधी काढून पाहिलेला नसतो.

आधी काच कशाची आहे ते बघा. नखाने हलकी टिचकी मारा: प्लास्टिकचा आवाज बद्द येतो. ओठाला लावून बघा: खरी काच गार लागते, प्लास्टिक तितकं लागत नाही. एचएमटी जनतासारखी जुनी चावीची घड्याळं आणि कॅसिओ एफ-९१डब्ल्यू यांची काच प्लास्टिकची असते. आजीआजोबांच्या कपाटातून निघालेलं जुनं घड्याळ असेल तर काच बहुतेक अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे याच पारदर्शक प्लास्टिकची. मिनरल काच (खरी काच) किंवा सफायर (त्याहून कठीण स्फटिकाची काच) असेल तर इथेच थांबा, पुढचं काहीही त्यांना लागू नाही. काच तडकलेली असेल तरीही थांबा. तडा घासून जात नाही. घड्याळजी मापाची नवी काच बसवून देतो.

प्लास्टिक असेल तर नळाखाली बोट ओलं करून वरची वाळू आणि माती अलगद काढा. कोरड्या कपड्याने पुसू नका. गोव्यात अर्धे ओरखडे याच सवयीने पडतात. किनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, कठीणपणाच्या मोहस मापावर (आकडा मोठा तितकं कठीण) ७, आणि अ‍ॅक्रिलिक ३ च्या आसपास. मिरामारला फेरी मारून आल्यावर शर्टाच्या टोकाने घड्याळ पुसलं की झालं. डिचोली, सांगे भागात खनिजाची लाल धूळ हेच काम करते.

चावी नीट आत दाबा. काचेभोवतीच्या धातूच्या कड्याला मास्किंग टेप लावा. आता ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर थेट पेस्टकडे जा. अडकत असेल तर घासायचा कागद लागणार.

मला सगळ्यात जास्त छळलंय ते या कागदाच्या टप्प्याने, म्हणून सविस्तर सांगतो. ओरखडा भरून येत नसतो. त्याच्या आजूबाजूचं प्लास्टिक त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं असतं. म्हणजे थोडी काच झिजणारच. त्यासाठी काळा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा कागद घ्या: १०००, १५०० आणि २००० नंबरचा. नंबर मोठा तितका कागद बारीक. साध्या हार्डवेअरच्या दुकानात बारीक नंबर नसला तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात विचारा. ओरखडा फारच खोल असेल तरच ८०० पासून सुरुवात करा.

कागदाचा छोटा तुकडा पाण्यात थोडा वेळ भिजवा, मग निथळून घ्या. जुन्या घड्याळात पाणी काचेच्या कडेने आत उतरतं, डायलवर डाग पडतो, काट्यांना गंज चढतो, आणि इथल्या पावसाळी हवेत आतली ओल लवकर सुकत नाही. म्हणून पाणी थेंबाथेंबानेच. घड्याळ धुवायचं नाही. घासताना आतून वाफ धरलेली दिसली तर काम थांबवून घड्याळजीकडे जा.

काच सपाट असेल तर कागद खोडरबराला गुंडाळून घासा. फुगीर असेल तर बोटाखाली मऊ कापड ठेवून पूर्ण काचेवर फिरवा. फक्त ओरखड्याच्या जागी घासलंत तर तिथे खळगा पडतो आणि आकडे वाकडेतिकडे दिसू लागतात. १००० ने सगळं एकाच दिशेला, उभं. पांढुरकं दुधाळ पाणी सुटू लागलं की काम चाललंय. नखाला ओरखडा लागेनासा झाला की थांबा. १५०० ने आडवं, २००० ने पुन्हा उभं. दिशा बदलण्याचं कारण हे: आधीच्या कागदाच्या रेघा उलट्या दिशेने स्पष्ट दिसतात. आधीच्या कागदाची एकही रेघ शिल्लक असताना पुढच्या नंबरवर जाऊ नका.

आणि सगळ्यात मोठा धोका: ओली काच खोटं बोलते. पाणी रेघांमध्ये भरलं की धुरकट काचही स्वच्छ दिसते. माणूस खूश होऊन पुढे जातो, आणि वाळल्यावर रेघा पुन्हा उठतात. दर वेळी काच पूर्ण कोरडी करा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, काचेतलं नळीचं प्रतिबिंब हळूहळू फिरवून बघा. ते कुठे वळलं की तिथे अजून उंचसखल आहे. नंबर बदलताना हात, काच, खोडरबर सगळं ओल्या कपड्याने पुसा आणि पाणीही नवं घ्या. १००० चा एक कण २००० च्या कागदाखाली अडकला तर एक नवी रेघ तयार, आणि मग पुन्हा मागे जाऊन सुरुवात.

२००० नंतर काच सर्वत्र सारखी धुरकट दिसली पाहिजे. आता पेस्ट: साधी पांढरी, दाणे किंवा कोळसा असलेली नको, बेकिंग सोडाही नको. जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या, गोल गोल चोळा, सुकू लागली की पाण्याचा एक थेंब. चवथीच्या आधी समया घासायला आणलेलं ब्रासो अ‍ॅक्रिलिकवर पेस्टपेक्षा लवकर चमक आणतं, पण थेंबभरच घ्या, कडेत शिरू देऊ नका आणि लगेच पुसून काढा. ड्रिलला बफ (पॉलिश करायचं मऊ चाक) लावून घाई करू नका. अ‍ॅक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतं, आणि एका जागी फिरणारा बफ तितकी उष्णता सहज निर्माण करतो. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांपैकी काहीही लावू नका, अ‍ॅक्रिलिकमध्ये बारीक तडे जातात.

छोट्या स्क्रीनचंही हेच. जुन्या फोनची किंवा रेडिओची प्लास्टिकची खिडकी शक्यतो सुटी करूनच घासा. स्कूटरच्या मीटरच्या काचेवर मात्र थेट कागद लावू नका, आधी पेस्टने एक कोपरा करून बघा. ही पॉलिकार्बोनेट नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची असू शकते आणि वर कडक थर असेल तर तो जागोजागी उडून ठिपके दिसतात. हेल्मेटच्या व्हायझरला याच कारणाने हात लावू नका. आजच्या बहुतेक टच फोनचा पडदा खरी काच असतो, त्यावर बोटाचा डाग न धरणारा थर असतो, आणि पेस्टने फक्त तो थर जातो, ओरखडा राहतो.