टिपणं जुनी, कमांड नवी : माझा अनुभव

कर्वेनगरच्या आमच्या लॅबमध्ये मुलांसाठी मी लिनक्सची मराठी टिपणं लिहून ठेवली आहेत. परवा एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलंय तसंच केलं, पण काहीच बदलत नाही." टिपणात नियोफेच (मशीनची माहिती टर्मिनलमध्ये दाखवणारी कमांड) होतं, तिच्या मशीनवर त्याच कामाचं फास्टफेच. नियोफेचचं काम २०२४च्या एप्रिलमध्ये अधिकृतपणे थांबलं, हे मला माहीत होतं. टिपणात मात्र उतरलंच नव्हतं.

नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं. नियोफेच ही बॅशची (लिनक्सच्या कमांड लिहिण्याच्या भाषेतली) स्क्रिप्ट, त्यामुळे तिची सेटिंगची फाइलही बॅशमध्येच. फास्टफेच सी भाषेतलं, त्याची सेटिंगची फाइल जेसनसी प्रकारची (टिप्पण्या लिहिता येणारं जेसन). जुन्या ओळी तिथे चिकटवून उपयोग नाही. म्हणून तो अख्खा भाग खोडला आणि 'जेन-कॉन्फिग' पर्यायाने नवी फाइल बनवून घ्यायची, मग मॉड्यूल्सच्या (दाखवायच्या माहितीच्या तुकड्यांच्या) यादीत हवं ते ठेवायचं, असं नव्याने लिहिलं. प्रत्येक ओळ त्या मुलीच्याच मशीनवर चालवून पाहिली.

तेवढ्यात तिने विचारलं, "रॅम ८ जीबी आहे, मग इथे ७.६ का?" हा प्रश्न दरवर्षी येतो! फास्टफेच रॅम जिबीबाइटमध्ये दाखवतं; एक जिबीबाइट म्हणजे १०२४ मेबीबाइट. रॅमच्या ८ जीबी म्हणजे असेच ८ जिबीबाइट. त्यातला काही भाग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ग्राफिक्स आधीच राखून ठेवतात, उरलेलंच दिसतं. हेही लिहिलं.

शिवाय ठळक अक्षरांत एक सूचना टाकली: आउटपुटचा फोटो कुणाला पाठवण्याआधी लोकल आयपीची (मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याची) ओळ काढा.