उंचावरील द्राक्षबागेत रात्रीची तोडणी कशी करावी

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवा दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने थंड होत जाते. उंचावरील बागेत दिवसाच्या प्रखर उन्हाने सालीत रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) चांगले उतरते, तर रात्रीच्या गारठ्यामुळे मण्यातील आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल कमी खर्ची पडते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी रात्री करायची, ती हा गारवा प्रेसपर्यंत, म्हणजे रस काढणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचवण्यासाठी. गार रसात ऑक्सिडेशन (हवेतील ऑक्सिजनशी होणारी प्रक्रिया) मंदावते आणि नको तेव्हा आंबणे सुरू होत नाही. पांढऱ्या वाइनच्या सुगंधासाठी तर ही मेहनत नक्कीच घ्यावी.

तोडणीची रात्र केवळ ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप, पाहून ठरवू नये. साखर पुरेशी भरलेली असूनही बी हिरवी असू शकते, म्हणून मणी चिरडून बी तपकिरी झाली आहे का, हे पाहावे आणि ती चावून कडवटपणा अजमावावा. थंड हवा उताराच्या तळाशी साचते. त्यामुळे तेथील मण्यांचे नमुने वेगळे तपासावेत.

कुजलेले घड दिवसाउजेडीच काढून टाकावेत, कारण दिव्याच्या उजेडात बुरशी आणि मण्यांवरचा नैसर्गिक मेणचट थर यांतला फरक अनुभवी डोळ्यांनाही चकवतो. ओळींवर खुणा करणे आणि खाचखळगे बुजवणे हेही तेव्हाच उरकावे.

अंधार पडताच तोडणी सुरू करण्याची घाई करू नये. हवा गार झाली तरी दाट घडाच्या पोटात दिवसाची ऊब बराच वेळ टिकते. तेथे थर्मामीटर खुपसून पाहिल्यावरच आरंभ करावा, आणि तोवर बहुधा मध्यरात्र उलटलेली असते. दव फार पडले असेल तर थांबावे, कारण ते पाणी रसात उतरते. प्रत्येकाच्या डोक्याला दिवा असावा. घडाखाली तळहात धरून देठ कात्रीने कापावा, घड ओढू नये. क्रेट उथळ असावेत आणि काठोकाठ भरू नयेत. वरच्या क्रेटच्या भाराने मणी फुटले की रस गळू लागतो आणि सारा खटाटोप वाया जातो. थकलेल्या हाताची कात्री बोटावर चालते, त्यामुळे मजुरांना ठराविक वेळाने विश्रांती आणि गरम चहा द्यावा. हे माझ्या मते अवजारांइतकेच आवश्यक आहे.

भरलेले क्रेट ओळीत पडू न देता लगेच प्रेसकडे न्यावेत. ऊन चढू लागल्यावर उरलेल्या ओळी तशाच ठेवून त्यांची तोडणी पुढच्या रात्री करावी.