टॅकिऑनच्या नादात आलो आणि म्यूऑन मोजायला बसलो

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवताना मी टॅकिऑनचे नाव घेऊन मार्गदर्शक सरांकडे गेलो होतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या कणांचा विचार बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी 1962 च्या लेखात केला होता आणि 1967 मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिले; मात्र असा एकही कण आजवर सापडलेला नाही. सर एवढेच म्हणाले, "आधी मागे राहणारे कण मोज." मागे राहणारे म्हणजे टार्डिऑन किंवा ब्रॅडिऑन, ज्यांना वस्तुमान आहे आणि म्हणून ज्यांचा वेग नेहमी प्रकाशापेक्षा कमीच राहतो असे सगळे कण. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड, अल्पायुषी भाऊबंद) हे त्यांतलेच. हे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते, कारण टॅकिऑनची चर्चा नसेल तर त्याची गरजच पडत नाही.

नव्याने येणाऱ्यांना पहिली सूचना अशी की 'वेग वाढला की वस्तुमान वाढते' हे शाळेतले वाक्य शक्य तितक्या लवकर विसरावे. वस्तुमान तेच राहते, ऊर्जा आणि संवेग वाढतात. ऊर्जेला वस्तुमानाच्या ऊर्जेने भागून गॅमा (म्हणजे एकूण ऊर्जा वस्तुमानाच्या ऊर्जेच्या किती पट आहे तो आकडा) काढायची सवय लावली की बराच गोंधळ मिटतो. इलेक्ट्रॉनची ही ऊर्जा 0.511 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचे एकक) आणि प्रोटॉनची 938 एमईव्ही असल्यामुळे, दोघांना सारखीच 1 जीईव्ही (1000 एमईव्ही) गतिज ऊर्जा दिली तरी इलेक्ट्रॉन प्रकाशाला जवळजवळ गाठतो, तर प्रोटॉन प्रकाशवेगाच्या 87 टक्क्यांवरच रेंगाळतो. सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात 6.8 टीईव्हीपर्यंत (1 टीईव्ही म्हणजे 1000 जीईव्ही) नेलेला प्रोटॉनही प्रकाशाच्या सेकंदाला सुमारे तीन मीटरने मागेच राहतो. हा आकडा मी स्वतः कागदावर काढला तेव्हा वर्गात शिकलेले सूत्र मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले.

आमच्या वाट्याला आलेला म्यूऑन मात्र फुकट मिळतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळल्यावर साधारण 15 किलोमीटर उंचीवर तो जन्मतो आणि त्याचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद असते. तेवढ्या वेळात प्रकाशही 660 मीटरच जातो. म्हणजे या हिशेबाने शंभर कोटींतला एकही म्यूऑन खाली पोहोचू नये. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक पोहोचतो. 4 जीईव्हीच्या म्यूऑनचे आयुष्य आपल्या घड्याळाने 80 मायक्रोसेकंदांच्या घरात जाते, हे त्याचे कारण. गतिमान कणाचे आयुष्य असे लांबलेले दिसले पाहिजे, हे होमी भाभांनी 1938 मध्येच लिहिले होते, तेही म्यूऑनची नीट ओळख पटण्याच्या बरीच वर्षे आधी.

प्रयोगशाळेत एक फरक मला फार उशिरा उमगला. सिंटिलेटरमध्ये (कण गेल्यावर क्षणभर चमकणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये) आपण मोजतो ते थांबलेल्या म्यूऑनचे आयुष्य. कालविस्ताराचा, म्हणजे वेगवान कणाचे आयुष्य आपल्या घड्याळाने लांबण्याचा, पुरावा तो कण खोलीपर्यंत आला यातच असतो. प्लॅस्टिकच्या दर सेंटिमीटरला म्यूऑन जेमतेम 2 एमईव्ही गमावतो, त्यामुळे बहुतेक आरपार निघून जातात आणि थांबणाऱ्या थोड्यांसाठी अनेक दिवस थांबावे लागते. आमचे पहिले चार दिवस तर वायाच गेले, कारण मोजणी दुपारी वाढायची, रात्री उतरायची आणि मी त्यात सूर्याचा प्रभाव शोधत बसलो होतो. दोष काळ्या टेपच्या एका सुटलेल्या कडेचा होता. खिडकीतला उजेड फोटोमल्टिप्लायरपर्यंत (ती अंधुक चमक टिपणाऱ्या नळीपर्यंत) जात होता. तेव्हा नोंदी घेण्यापूर्वी खोलीतला दिवा चालू-बंद करून मोजणी बदलते का ते पाहावे, आणि नळीवर उच्च व्होल्टेज असताना आवरण कधीही उघडू नये, नाहीतर नळी निकामी होऊ शकते.

दोन आठवड्यांनी आलेख जुळवल्यावर आमचे उत्तर 2.12 मायक्रोसेकंद आले. पुस्तकातल्या 2.197 शी ते जुळावे म्हणून सुरुवातीच्या काही नोंदी गाळण्याचा मोह मला झाला. सरांनी त्याऐवजी ऋण विद्युतभाराच्या म्यूऑनचे काय होते ते वाचायला सांगितले: प्लॅस्टिकमधल्या कार्बनचे अणुकेंद्रक त्यांतल्या काहींना गिळते, त्यामुळे त्यांचे आयुष्य तिथे 2.03 मायक्रोसेकंदच भरते आणि धन-ऋण मिश्रणाची सरासरी खाली येते. नोंदी तशाच राहिल्या आणि प्रकल्पाच्या अहवालात त्या तफावतीलाच सर्वांत मोठे प्रकरण मिळाले.