नाशिकहून सर्फिंग शिकायला जायचंय? मग चेन्नईजवळचं कोवलम गाठा

आपल्या नाशिककरांना समुद्र म्हटलं की त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू नाहीतर बोर्डी आठवतं, आणि ते बीच छानच आहेत, पण सर्फिंग डोक्यात असेल तर तिकडे जाऊ नका. तो किनारा एकदम उथळ आहे, ओहोटीला पाणी एवढं लांब जातं की नुसतं चालतच राहावं लागतं आणि बोर्डवर उभं राहता येईल अशी लाट सहसा मिळत नाही. त्यापेक्षा चार-पाच दिवस काढा आणि चेन्नईच्या कोवलमला जा. भरती-ओहोटीतला फरक तिथे आपल्या पालघर साइडच्या मानाने खूपच कमी असतो आणि खाली बऱ्याच ठिकाणी वाळू आहे. शिवाय शिकवणारी बरीचशी पोरं त्याच गावातल्या मच्छीमारांच्या घरातली आहेत, लहानपणापासून त्या पाण्यात वाढलेली. मूर्ती मेगवन नावाच्या तिथल्याच एका मच्छीमाराने गावातल्या पोरांना बोर्डवर उभं करायला सुरुवात केली आणि त्यातूनच ते गाव सर्फिंगसाठी ओळखलं जायला लागलं.

बुकिंग करताना एक बघा, कोवलम दोन आहेत. केरळात तिरुवनंतपुरमजवळ आहे ते वेगळं, आपल्याला हवंय ते तमिळनाडूतलं, चेन्नईपासून दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर साधारण 40 किलोमीटरवर. सगळे त्या रोडला ईसीआर म्हणतात आणि मॅपवर हे गाव कोवलाँग नावानेही दिसतं. हॉटेल घेताना पत्त्यात चेन्नई किंवा ईसीआर आहे ना ते बघूनच पैसे भरा.

कधी जायचं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण आपल्याकडे सुट्टी म्हणजे दिवाळी, आणि नेमकं ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाळा असतो, परतीच्या वाऱ्यांचा, वादळं पण तेव्हाच येतात. तेव्हा जाऊ नका, पैसे वाया जातील आणि समुद्रात उतरूही देणार नाहीत. पहिल्यांदाच शिकत असाल तर जानेवारी ते मार्च बेस्ट, लाटा लहान, हवा बरी, पाणी कोमट. मे पासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात, तो जमणाऱ्यांचा सीझन आहे, 2025 च्या ऑगस्टमध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा तिथूनच पुढे ममल्लपुरमला, म्हणजे महाबलीपुरमला झाली ती त्याचमुळे. मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्या असतात खरं, पण चेन्नईचा मे नाशिकच्या उन्हाळ्यासारखा नाही, घाम सुकतच नाही.

जायला मुंबई किंवा पुण्याहून चेन्नईची ट्रेन पकडा, साधारण एक दिवस लागतो, किंवा विमानाने जा. पुढे ममल्लपुरमकडे जाणाऱ्या ईसीआरच्या बसने कोवलमला उतरता येतं. एअरपोर्टवरून कॅब करणार असाल तर ओएमआरवरून, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रोडवरून, केळंबाक्कममार्गे कोवलमला येणारा रस्ता आहे, शहरात शिरायची गरज नाही.

निघायच्या आधी महिनाभर तयारी करा, ही गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतोय. सर्फिंग स्कूलवाले पोहता न येणाऱ्यालाही कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात, पण पोहता येत असेल तर भीती निम्मी होते. सावरकर तरण तलाव असो की घराजवळचा दुसरा कुठला, रोज थोडं पोहा, गंगापूर धरणाच्या पाण्यात प्रॅक्टिसला मात्र उतरू नका. दुसरं म्हणजे खांदे, कारण सर्फिंगमध्ये उभं राहणं कमी आणि पोटावर झोपून हाताने पाणी मारणंच जास्त असतं. घरी सतरंजीवर पालथं पडून, तळवे छातीच्या बाजूला टेकवून एका झटक्यात दोन्ही पायांवर यायचं, गुडघे न टेकवता. ह्याला पॉप-अप म्हणतात. गुडघ्यावर यायची सवय एकदा लागली की मोडायला फार त्रास होतो.

तिथे गेल्यावर सकाळची सगळ्यात पहिली बॅच मागा. ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो, लाटा विस्कटतात आणि शिकणाऱ्याला काहीच कळेनासं होतं. इन्स्ट्रक्टर आयएसए, म्हणजे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचा सर्टिफाइड आहे का ते विचारा, विचारायला लाजू नका. बोर्ड मऊ फोमचा आणि मोठा घ्या, छोटा चकचकीत बोर्ड दिसायला भारी असतो पण त्यावर नवशिक्याला नीट झोपताही येत नाही.

पाण्यात काय होतं ते सांगतो. लाट मागून येते, इन्स्ट्रक्टर बोर्डला धक्का देतो, आणि बोर्डखालचं पाणी एकदम पळायला लागल्याचं पोटाला जाणवतं. त्याच क्षणी उठायचं. फार पुढे झोपला असाल तर बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता, फार मागे असाल तर लाट खालून निघून जाते आणि तुम्ही तिथेच. नजर पायाकडे नको, समोर किनाऱ्यावर ठेवा. पडताना डोक्यावर सूर मारू नका, खाली पाणी कमी असतं, सपाट पडा आणि वर येताना हात डोक्यावर धरा कारण बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो आणि तो परत येतो. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे धरू नका, लाट तो सरळ तोंडावर आणते.

रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात आत ओढणारा प्रवाह, तो पण समजून घ्या. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, तर नवीन माणसाला वाटतं इथे सेफ आहे, आणि तिथूनच पाणी आत ओढत असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दमू नका, बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि हात वर करून मदत मागा.

सोबत पूर्ण बाह्यांचा टाइट टी-शर्ट घ्या, नाहीतर पोट आणि छाती बोर्डवर घासून सोलवटते. सनस्क्रीन चेहऱ्याला जाड थर लावा, मानेला आणि पोटऱ्यांनाही. आणि पहाटे किनाऱ्यावर होड्या येतात, जाळी पसरलेली असतात, त्यावरून चालू नका, ते त्यांचं काम आहे आणि बीच आधी त्यांचा आहे.

किमान तीन सकाळी तरी ठेवा, एका दिवसात फक्त खारं पाणी पोटात जातं. दुपारी अंग मोडून निघतं, तेव्हा झोपा, आणि संध्याकाळी जमलं तर ममल्लपुरमला जाऊन पल्लवांचं किनाऱ्यावरचं मंदिर बघून या, अर्ध्या-पाऊण तासावर आहे, फक्त उशीर करू नका कारण दुसऱ्या दिवशी परत उजाडायच्या आत उठायचंय.