नीम तेल मारलं आणि पानंच जळाली? या चुका टाळा

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की हल्ली सगळेच सांगतात, नीम तेल मार. आपण मारतो, दोन दिवसांनी पानांवर तपकिरी डाग येतात आणि मग नीमलाच शिव्या. पण बहुतेक वेळा तेल पाण्यात नीट मिसळलेलंच नसतं.

घरातल्या सगळ्या कुंड्या सारख्याच जळाल्या की शेवटी शेवटी फवारलेल्याच, हे आधी बघा. तेल पाण्यावर तरंगतं आणि पंपाची नळी तळातून ओढते, म्हणजे पहिल्या कुंड्यांना जवळजवळ नुसतं पाणी जातं (तिथली कीड मजेत) आणि टाकी संपत आली की उरलेलं तेल सगळं शेवटच्या मोगऱ्यावर. पानावर तेलाचा जाड थर बसला की त्याची श्वसनाची छिद्रं बुजतात, वर ऊन पडलं की संपलंच. म्हणून तेल थेट पाण्यात ओतायचं नाही. एक लिटरला ५ मिली तेल, त्यात एक-दोन मिली सौम्य लिक्विड सोप किंवा रिठ्याचं पाणी घालून आधी चांगलं घोटा, मग थोडं कोमट पाणी, दुधासारखं पांढरं झालं की उरलेलं पाणी. पाच मिनिटांनी वर तेलाचे गोल दिसले तर परत घोटा, आणि फवारताना पंप मधूनमधून हलवत राहा. कपड्यांची पावडर नको, ती खारी असते, पानं तिनेच करपतात.

मापासाठी चहाचा छोटा चमचा घ्या, जेवणाचा मोठा घेतला तर डोस तिप्पट होतो. आणि हे माप कच्च्या, म्हणजे काही न मिसळलेल्या नीम तेलाचं. दुकानात ३००, १५००, १०००० पीपीएम असं लिहिलेल्या बाटल्या मिळतात, त्यात अझाडिरॅक्टिन (नीममधला किडीवर चालणारा मुख्य घटक) कमी-जास्त असतं, तिथे लेबलवरचाच डोस पाळायचा. पूजेच्या दुकानातलं दिव्याचं नीम तेल मात्र झाडाला घालू नका, त्यात काय काय मिसळलंय देव जाणे.

वेळ संध्याकाळचीच, ऊन उतरल्यावर, तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात. पण रात्री उशिरा नको, आपल्याकडच्या दमट हवेत पानं ओलीच राहतात आणि बुरशी येते. पावसाळ्यात भर पावसात मारणं म्हणजे पैसे गटारात, उघडीप बघूनच मारा. सगळ्यात जपायचं ते चतुर्थीनंतर, पावसावर आलेली कोवळी लुसलुशीत पानं आणि अचानक ऑक्टोबरचं ऊन, तेव्हा डोस अर्धा करा. सुकलेल्या, तहानलेल्या झाडाला तर आधी पाणी, फवारा दुसऱ्या दिवशी. गंधक मारलं असेल तर दोन आठवडे नीमचं नाव काढू नका.

नवीन झाड असेल तर एका-दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. रोपं आणि फर्न यांच्या बाबतीत तर हे कराच. तुळशीवर मी मारतच नाही, पानं तोंडात जातात, तिथे पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

अजून एक, दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून लगेच परत मारू नका. नीम रासायनिक कीटकनाशकासारखं पटकन मारत नाही, किडीचं खाणं आणि वाढ थांबवतं, त्याला वेळ लागतो. ७ ते १० दिवसांनी परत, आणि पानाच्या खालच्या बाजूला, कारण पांढरी माशी आणि मावा तिथेच लपतात. तेल मिसळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलं तर त्याचा असर जातो.

पानं जळलीच असतील तर साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवा, कुंडी काही दिवस सावलीत सरकवा, खत थांबवा. डाग गेले नाहीत म्हणून घाबरू नका, ते पान तसंच राहणार, हिरवं उरलंय तोवर छाटूही नका. डाग पुढे पसरत चालले आणि नव्या पानांवरही आले तर ते तेलाचं नाही, बुरशीचं असायची शक्यता जास्त, तेव्हा दोन-तीन पानं पिशवीत घालून जवळच्या कृषी कार्यालयात नेऊन दाखवा.