दुर्बल आम्लाचा सामू कसा काढायचा, आणि वर्गमूळ कुठे फसतं

०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (पीएच) १, तर तितक्याच संहतीच्या अ‍ॅसेटिक आम्लाचा २.८७. तरीही दोन्ही द्रावणं सारख्या आकारमानाची घेतली तर ती उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड सारखंच लागतं. गणितं बहुधा इथेच चुकायला लागतात. द्रावणात एकूण आम्ल किती आणि त्यातलं आयनांत विचरलेलं किती, या दोन गोष्टींची गल्लत होते. सामू सांगतो तो फक्त सुट्या हायड्रोजन आयनांचा हिशेब. या अ‍ॅसेटिक आम्लात हजारातले सुमारे १३ रेणूच विचरलेले असतात. आम्लारी घातला की सुटे आयन खर्च होतात, विचरणं आणि पुन्हा जुळणं यांतला समतोल पुढे सरकतो आणि उरलेले रेणूही विचरत जातात.

हा समतोल एका आकड्यात पकडतात: विचरण स्थिरांक, म्हणजे केए. दुर्बल आम्ल, म्हणजे पाण्यात थोडंच विचरणारं आम्ल, एचए असं लिहिलं, तर

एचए ⇌ एच⁺ + ए⁻
केए = [एच⁺] × [ए⁻] ÷ [एचए]

चौकटी कंसात समतोलावेळची संहती घ्यायची, बाटलीवर लिहिलेली नाही. सुरुवातीची संहती 'सं' आणि विचरलेला भाग 'क्ष' मानला, तर समतोलात एच⁺ आणि ए⁻ प्रत्येकी क्ष, आणि शिल्लक आम्ल सं − क्ष. म्हणून

केए = क्ष² ÷ (सं − क्ष)

क्ष हा सं च्या मानाने फारच लहान असेल तर छेदात नुसतं सं ठेवता येतं आणि क्ष = √(केए × सं) मिळतं. २५ अंश सेल्सिअसला अ‍ॅसेटिक आम्लाचा केए १.८ × १०⁻⁵ आहे. सं = ०.१ घेतल्यास क्ष = √(१.८ × १०⁻⁶) = १.३४ × १०⁻³. त्याचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन चिन्ह बदललं की सामू २.८७.

हे सूत्र सोयीचं आहे, पण ते एका गृहीतकावर उभं आहे. त्यामुळे उत्तर आल्यावर ते तपासायचंच: क्ष ला सं ने भागून शंभराने गुणा. ५ टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. ही मर्यादा उगाच ठरवलेली नाही. विचरण ५ टक्के असताना क्ष साधारण अडीच टक्के जास्त येतो आणि सामूत जेमतेम ०.०१ चा फरक पडतो. नेहमीच्या सामूमापीकडून याहून बारीक अचूकता मिळणं कठीणच.

आता तेच आम्ल ०.००१ मोलार करा. वर्गमूळाने क्ष = १.३४ × १०⁻⁴ येतो, म्हणजे विचरण १३ टक्क्यांच्या वर. गृहीतक कोसळलं. अशा वेळी वर्गसमीकरण सोडवावं:

क्ष = [−केए + √(केए² + ४ × केए × सं)] ÷ २

यातून क्ष = १.२५ × १०⁻⁴ आणि सामू ३.९०, वर्गमूळाने तो ३.८७ आला असता. ऋण वर्गमूळ घेतल्यास संहती ऋण येते, ते उत्तर सोडून द्यायचं. वर्गसमीकरण नको असेल तर आधीचा क्ष छेदात घालून पुन्हा वर्गमूळ काढा: √(१.८ × १०⁻⁵ × ०.०००८६६) = १.२५ × १०⁻⁴. एका फेरीतच काम झालं. उत्तर फेरीगणिक किंचित खाली-वर होत स्थिरावतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

पाणी घालत गेलं की विचरणाची टक्केवारी वाढते, पण एच⁺ ची संहती घटते. 'जास्त विचरण म्हणजे जास्त आम्लता' हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. आणि केए मोठा असेल तर ०.१ मोलारलाही वर्गमूळ पुरत नाही: क्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाचा केए १.४ × १०⁻³, त्याचं विचरण तिथे ११ टक्क्यांच्या आसपास.

दुसऱ्या टोकाला वेगळाच घोळ होतो. केए ६.२ × १०⁻¹⁰ असलेलं हायड्रोसायनिक आम्ल १०⁻⁵ मोलार घेतलं, तर वर्गमूळाने क्ष = ७.९ × १०⁻⁸ आणि सामू ७.१. म्हणजे पाण्यात आम्ल घातल्यावर द्रावण आम्लारिधर्मी झालं! पाणी स्वतःही आयन देतं, ते इथे विसरलं गेलं. [एच⁺] = √(केए × सं + १०⁻¹⁴) वापरलं (१०⁻¹⁴ हा पाण्यातल्या एच⁺ आणि ओएच⁻ यांच्या संहतींचा गुणाकार) की १.२७ × १०⁻⁷, सामू ६.९०. क्ष १०⁻⁶ च्या खाली गेला की पाणी हिशेबात धरा.

द्रावणात त्या आम्लाचं क्षारही असेल तर वरचं वर्गमूळ वापरायचंच नाही. ०.१ मोलार अ‍ॅसेटिक आम्लात सोडियम अ‍ॅसेटेटही ०.१ मोलार असेल, तर [एच⁺] थेट केए इतकं होतं आणि सामू ४.७४ वर जातो. आधीच असलेले अ‍ॅसेटेट आयन समतोल मागे रेटतात.

फॉस्फोरिक आम्लासारखं, टप्प्याटप्प्याने विचरणारं आम्ल असेल तर सामूसाठी पहिला टप्पा पुरतो, कारण दुसरा केए (६.२ × १०⁻⁸) पहिल्यापेक्षा (७.५ × १०⁻³) लाखपटीहून लहान आहे. पण तो पहिला टप्पा वर्गसमीकरणानेच सोडवा, ०.१ मोलारला सामू १.६२ येतो.

उलटं गणितही होतं. ०.२० मोलार आम्लाचा सामू २.७० मोजला, तर क्ष = २.० × १०⁻³ आणि केए = ४.० × १०⁻⁶ ÷ ०.१९८, म्हणजे २.० × १०⁻⁵. मात्र इथे क्ष चा वर्ग होतो: सामू मोजताना ०.०५ ची चूक झाली तर केए सुमारे २५ टक्क्यांनी हलतो. म्हणून सामूमापी आधी दोन बफर द्रावणांवर (ज्यांचा सामू ठरलेला असतो अशा द्रावणांवर) प्रमाणित करून घ्या, त्यातलं एक सामू ४ च्या आसपासचं असू द्या, आणि तापमान नोंदवा, कारण केए तापमानानुसार बदलतो.