फ्रेमवर्कचा स्पीड मोजताय? आधी डेव्ह मोड बंद करा

नेक्स्ट, लाराव्हेल, जँगो या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमधलं फास्ट कोणतं हे बघायला बरेच जण सरळ डेव्ह सर्व्हर (कोड लिहिताना वापरायचा) चालू करून आकडे काढतात, ते आकडे काही कामाचे नसतात. नेक्स्टला आधी बिल्ड मारून मग स्टार्ट करा, जँगोत डीबग फॉल्स ठेवा कारण ट्रू असताना तो एसक्यूएल क्वेऱ्या मेमरीत साठवत बसतो, आणि रनसर्व्हर (जँगोचा डेव्ह सर्व्हर) नको, गनिकॉर्न हा प्रॉडक्शनचा सर्व्हर घ्या. लाराव्हेलला ओपीकॅश (पीएचपीचा कंपाइल झालेला कोड मेमरीत ठेवणारा) चालू हवा, कॉन्फिग आणि राउट कॅश केलेले हवेत.

आणि नुसतं हॅलो वर्ल्ड मोजू नका राव! डेटाबेसमधून लिस्ट आणून एचटीएमएल बनवणारं एक पान सगळीकडे सेम लिहा (टेकएम्पॉवरच्या फ्रेमवर्क बेंचमार्कमधली फॉर्च्यून्स टेस्ट साधारण अशीच आहे), डेटाबेस तोच, इंडेक्स तेच. लोड टाकायला (म्हणजे एकदम खूप रिक्वेस्ट पाठवायला) के६ किंवा डब्ल्यूआरके हे टूल दुसऱ्या मशीनवरून चालवा, नाहीतर टूल आणि सर्व्हर एकाच सीपीयूवर भांडतात. वॉर्मअपचे सुरुवातीचे सेकंद सोडून द्या, सरासरीपेक्षा पी९५ (९५ टक्के रिक्वेस्ट जेवढ्या वेळात पूर्ण होतात तो वेळ) बघा. एन प्लस वन क्वेरी (लिस्टमधल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी) राहिली असेल तर कुठलंही फ्रेमवर्क स्लोच दिसणार, जँगोत सिलेक्ट रिलेटेड किंवा प्रीफेच, लाराव्हेलमध्ये विथ लावून ती आधी काढा, मग तुलना करा.